दुसरं तिकीट कोणासाठी?

शनिवारी रात्री स्टँडअपचा शो आहे. मोबाइलवर तिकिटाचं पान उघडलंत, स्वतःची खुर्ची निवडलीत आणि बोट थांबलं. शेजारची खुर्ची कोणासाठी? सुरतेत पहिल्यांदाच स्टँडअपला जाणाऱ्यांना मी कलाकार, सभागृह आणि तिकिटाचा दर यांच्याआधी हाच प्रश्न सोडवायला सांगते. कलाकार थोडा फिका पडला, पण बरोबरचं माणूस मनासारखं असलं, तर रात्र वाया जात नाही. उलट कलाकार नावाजलेला आणि शेजारचं माणूस अवघडून बसलेलं असलं, तर आपलंही हसू ओठांतच अडकतं.

हसणं हा मुळात सोबतीचा व्यवहार आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञांनी माणसं कधी आणि कुठे हसतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. एकट्याने असताना माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांबरोबर २०११मध्ये मांडलेला अभ्यास याच्या पुढे जातो. एकत्र बसून खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते, असं त्यात दिसलं. म्हणून मोबाइलवर पाहताना नुसते ओठ हलवणारा विनोदच सभागृहात डोळ्यांतून पाणी काढतो. विनोद तोच असतो, शेजार बदललेला असतो.

सोबत कोणाला न्यावं

ज्याच्यासमोर मोकळेपणाने हसता येतं, त्यालाच न्या. एक सोपी परीक्षा आहे. ज्या कलाकाराचा शो आहे, त्याची एखादी क्लिप त्या मित्राला किंवा मैत्रिणीला आधी पाठवा. उत्तरादाखल नुसता अंगठा आला तर दुसरं माणूस शोधा. त्यातलं एखादं वाक्य परत आलं, तर तिकीट काढा.

दुसरी गोष्ट, स्वतःवर झालेला विनोद सोबतच्या माणसाला पेलतो का, ते पाहा. स्टँडअपमध्ये कलाकार प्रेक्षकांशी बोलतो, त्यांच्या नावावरून, कामावरून, कपड्यांवरून गंमत करतो. गर्दीत नाव घेतलं गेलं की ज्याचा चेहरा पडतो, त्याला न्यायचं असेल तर पुढच्या रांगेत बसवू नका. कामावरचे साहेब, ज्याच्याशी पैशाचा व्यवहार अडकलाय तो माणूस, लग्नाच्या बोलणीतली पहिलीच भेट, यांच्यासाठी ही जागा नव्हे. आईवडिलांना न्यायची इच्छा असेल तर जरूर न्या, पण आधी कलाकाराचा अर्धा तास स्वतः ऐका. तिकिटाच्या पानावर वयाची अट असते, ती गंभीरपणे वाचा. १८ वर्षांवरील असं लिहिलेलं असेल तर आत शिव्या आणि शरीरसंबंधांवरचे विनोद असणार, असं धरून चाला. बारावीतल्या भाच्याला "चल, मजा येईल" म्हणून नेलं आणि दोघांनीही दीड तास समोरच पाहत बसायचं, ही शिक्षा कशाला?

कोणत्या भाषेतला शो?

हा प्रश्न सुरतेत जितका महत्त्वाचा, तितका क्वचितच कुठे असेल. इथल्या महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. त्यावरून शहराची कल्पना यावी. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनने आलेली आपली माणसं उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत पिढ्यान्पिढ्या राहतात. घरात अहिराणी किंवा मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, अशी त्यांची दिवसभराची ये-जा असते. असा माणूस स्टँडअपचा उत्तम श्रोता असतो, कारण शब्दाचं एका भाषेतून दुसरीत घसरणं त्याला लगेच कळतं.

सुरतेत होणारे बहुतेक शो हिंदी किंवा गुजराती असतात, इंग्रजी शब्द दोन्हींत येतात. मराठी स्टँडअपचं मुख्य ठिकाण अजून पुणे आणि मुंबई हेच आहे. २०१६मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा' या यूट्यूब वाहिनीने तरुण मराठी प्रेक्षकाला या प्रकाराची गोडी लावली, पण इथे बसून मराठी शोची वाट पाहिली तर बराच काळ घरीच बसावं लागेल. त्यापेक्षा हिंदीपासून सुरुवात करा आणि मग गुजरातीकडे वळा.

गुजराती शोला जाताना एक तयारी हवी. पुस्तकातली गुजराती आणि सुरती बोली यांत अंतर आहे. सुरती माणसाच्या तोंडी 'स'चा 'ह' होतो, 'सुरत'चं 'हुरत' होतं. शिवी तर इथे दोस्तीत सहज येते, तिच्यात राग असतोच असं नाही. नव्याने आलेला मराठी माणूस दचकतो तो इथेच. गुजराती मैत्रीण किंवा मित्र बरोबर असला की हे अवघड राहत नाही. माझ्या कानाला गुजराती बसली ती अशाच एका शेजारणीमुळे. फक्त एक नियम आम्ही पहिल्याच शोला केला आणि तो आजवर पाळला. विनोद चालू असताना अर्थ विचारायचा नाही. शब्द लक्षात ठेवायचा, टाळ्यांच्या गजरात विचारायचा, नाहीतर बाहेर आल्यावर. चालू विनोदात केलेलं भाषांतर मागच्या-पुढच्या दोन रांगांचा पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा टोला, खाऊन टाकतं.

एकपात्री आणि स्टँडअप

आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना हा प्रकार परका वाटतो, पण एकट्या माणसाने मंचावर उभं राहून सभागृह हसवणं मराठीला नवं नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने रंगवल्या. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी व्हायची. सुरतेची आणि गुजरातचीही स्वतःची परंपरा आहे. गुजरातीतले मोठे विनोदी लेखक ज्योतींद्र दवे १९०१मध्ये इथेच जन्मले. सौराष्ट्राकडच्या डायऱ्यात, म्हणजे लोकसाहित्याच्या मैफलीत, किस्से सांगून रात्र जागवणारे शाहबुद्दीन राठोड यांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली.

मग फरक काय? एकपात्रीत नट दुसऱ्यांची रूपं घेतो. स्टँडअपमध्ये तो 'मी' म्हणून, स्वतःच्या नावाने बोलतो. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, एक माइक आणि फार तर पाण्याची बाटली. 'हास्यजत्रे'तल्या प्रहसनाची वाट पाहत बसलात तर निराश व्हाल. स्टँडअपमध्ये एक माणूस आपल्याशी गप्पा मारतोय असं वाटतं, पण त्या गप्पांतला शब्दन् शब्द कित्येक महिने घासूनपुसून ठेवलेला असतो. सोबतीला वडीलधारं कोणी असेल तर हा फरक रिक्षातच सांगून टाका.

शो कोणता निवडावा

शो साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला ओपन माइक. वेसू, पिपलोद, अडाजण या भागांतल्या कॅफेंत असे कार्यक्रम होतात. तिकीट स्वस्त, खुर्च्या थोड्या, कलाकार बहुतेक नवखे. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात, त्याला त्यांच्या भाषेत 'लाइट देणं' म्हणतात. इथे दहातले सहा-सात विनोद पडतात, आणि पडावेत म्हणूनच हा मंच असतो. कोणता विनोद टिकतो, ते इथेच कळतं. दुसरा प्रकार लाइनअप शोचा. चार-पाच कलाकार, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, मध्ये दुवा सांधणारा सूत्रसंचालक. पहिल्या वेळेसाठी हा प्रकार सगळ्यांत चांगला, कारण एकाचा विनोद नाही रुचला तरी पुढचा येतो. तिसरा एकाच कलाकाराचा तास-दीड तासाचा शो. मोठी नावं दौऱ्यावर सुरतेत येतात तेव्हा ती अशाच शोसाठी. तिकीट महाग असतं, म्हणून कलाकार दोघांच्याही आवडीचा असेल तरच काढा.

'ट्रायल शो' असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. नवा कार्यक्रम बांधताना कलाकार तो छोट्या प्रेक्षकांपुढे तपासून पाहतात. तिकीट कमी असतं, कलाकार हातात वही घेऊनही उभा राहतो. घडण पाहायची हौस असलेल्या दोघांनी असा शो चुकवू नये.

सुरतेचं पंचांग मात्र विसरू नका. नवरात्रात गरब्यापुढे दुसरं काही चालत नाही. दिवाळीत कापड बाजार आणि हिऱ्याचे कारखाने बंद होतात, अर्धं शहर सौराष्ट्रात किंवा खान्देशात जातं आणि बाजार लाभपाचमीपासून पुन्हा उघडतो. उत्तरायणाचे दोन दिवस सगळे गच्चीवर असतात. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीचं पाणी लिंबायत-पर्वत पाटिया भागात चढतं, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. तिकीट काढताना सुविधा शुल्क आणि कर धरून अंतिम रक्कम पाहा. काढलेलं तिकीट बहुधा परत घेतलं जात नाही, म्हणून दोघांची तारीख पक्की झाल्यावरच पैसे भरा. शोच्या दिवशी दुपारी तो होणार आहे ना, हे पुन्हा एकदा तपासा. परवानगीअभावी किंवा अन्य कारणाने शो ऐनवेळी रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

सभागृहात पोचल्यावर

मोठ्या कार्यक्रमांसाठी पाल भागातलं संजीव कुमार ऑडिटोरियम सुरतकरांच्या ओळखीचं आहे. हरिहर जरीवाला हे संजीव कुमारांचं मूळ नाव आणि १९३८मध्ये सुरतेतच जन्म, त्यामुळे इथे हे नाव शोभतं. उधना-लिंबायतहून पालला जायचं म्हणजे तापी ओलांडायची. रिंगरोडची संध्याकाळची गर्दी आणि मेट्रोच्या कामासाठी वळवलेले रस्ते धरून हाताशी अर्धा तास जास्त ठेवा. उशिरा आलेला प्रेक्षक अंधारात खुर्ची शोधत असतो आणि कलाकाराला आयता विषय मिळतो. तुमचा मित्र तेवढ्याने हिरमुसणारा असेल तर संध्याकाळ सुरू होण्याआधीच बिघडते.

बाहेरचं खाणं आत चालत नाही. मावा, गुटखा दारातच टाकायला लावतात, तो घरीच ठेवलेला बरा. गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६०पासून दारूबंदी आहे. त्यामुळे मुंबईच्या काही क्लबांत ग्लास हातात धरून शो पाहिला जातो, तसं इथे नसतं. सहकुटुंब किंवा मैत्रिणींचा गट घेऊन जाणाऱ्यांना याचा फायदाच होतो.

खुर्ची कुठली घ्यावी? पहिल्या दोन रांगा म्हणजे कलाकाराशी बोलण्याची तयारी. मधली चौथी ते आठवी रांग पहिल्या वेळेसाठी उत्तम. कलाकाराचा चेहरा दिसतो आणि मागून येणारी हशाची लाट अंगावर घेता येते. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला कडेची खुर्ची द्या. कानाला कमी ऐकू येणाऱ्याला स्पीकरच्या अगदी जवळ न बसवता मध्ये बसवा, तिथे शब्द स्पष्ट येतात.

कलाकाराने विचारलंच तर

प्रेक्षकांशी चालणाऱ्या या गप्पांना 'क्राउड वर्क' म्हणतात. नाव काय, काम काय, तुम्ही दोघं एकमेकांचे कोण, हे ठरलेले प्रश्न. सुरतेत "हिरा की कापड?" हा प्रश्न हमखास येतो. खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. साडीवर टिकल्या लावण्याचं काम करत असाल तर तेच सांगा. विनोद करण्याचं काम कलाकाराचं आहे, तुमच्या साध्या खऱ्या उत्तरातूनच त्याला धागा मिळतो. उत्तर द्यायचं नसेल तर हसून हात जोडा. जाणता कलाकार दुसरीकडे वळतो.

इथे मैत्रीची एक जबाबदारी येते. आत जाण्यापूर्वी एकमेकांना विचारून घ्या, "काय सांगायचं नाही?" सुटलेली नोकरी, मोडलेलं लग्न, चालू असलेले उपचार, या गोष्टी शेजारच्याने उत्साहात बोलून टाकल्या तर तीनशे माणसांपुढे त्यांचा विनोद होतो आणि तो परत घेता येत नाही. मैत्रिणीकडे बोट दाखवून "हिला विचारा" म्हणण्याआधी तिची तयारी आहे का, याची खात्री करा.

फोन खिशात का ठेवायचा

रेकॉर्डिंग करू नका, अशी सूचना सुरुवातीला होते. ती मनापासून पाळा. एक तासाचा कार्यक्रम उभा करायला कलाकाराला एक-दोन वर्षं लागतात. अर्धवट विनोदाची क्लिप बाहेर गेली की पुढच्या गावचा प्रेक्षक शेवट ओळखून बसतो, आणि ज्याचा शेवट माहीत आहे त्या विनोदाला हशा येत नाही. शिवाय आधीची दहा मिनिटं कापून टाकलेलं वाक्य भलताच अर्थ घेऊन गावभर फिरतं. आठवण म्हणून दोघांचा फोटो हवा असेल तर शोच्या आधी दारातल्या पोस्टरपाशी काढा.

बाकीचे नियम साधे आहेत. पंच ओळखू आला तरी मोठ्याने बोलू नका. मध्येच शेरे मारू नका. बाहेर जायचं असेल तर एका कलाकाराचं संपून दुसरा येईपर्यंत थांबा. नवख्याचा विनोद पडला तर खोटं हसायची गरज नाही, पण चेहरा त्याच्याकडे ठेवा. मंचावरून त्याला पहिल्या पाच रांगा दिसतात, आणि फोनच्या उजेडात वाकलेली मान त्याला सगळ्यांत जास्त लागते.

विनोद झोंबला तर

तुमच्या जातीवर, धर्मावर, भाषेवर किंवा गावावर विनोद येऊ शकतो. खान्देशी बोलण्याची नक्कलही येऊ शकते. आधी क्षणभर थांबा आणि पाहा. हसू तुमच्यावर चाललंय, की तुम्हाला हिणवणाऱ्यांवर? पुष्कळदा शेवट ऐकला की उत्तर मिळतं. तरीही मनाला लागलं तर शांतपणे उठून बाहेर या. सोबतच्या मैत्रिणीला लागलं असेल आणि तुम्हाला नसेल, तरी तिच्याबरोबर उठा. आयोजकांना लेखी कळवा, त्या कलाकाराचं तिकीट पुन्हा काढू नका. आरडाओरडा आणि मोडतोड हा मार्ग नव्हे. मार्च २०२५मध्ये एका विनोदी कार्यक्रमाच्या व्हिडिओवरून मुंबईत खारमधल्या 'द हॅबिटॅट' या स्टँडअपच्या मंचाची तोडफोड झाली आणि चालकांनी ती जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं. कित्येक नव्या मुलांनी पहिला माइक तिथे हातात घेतला होता. एका कलाकारावरच्या रागाची किंमत त्या सगळ्यांनी मोजली.

शो संपल्यावर

लगेच घरी पळू नका. सुरत रात्री जागी असते. कोल्ड कोकोची एकेक बाटली घ्या आणि कोणता विनोद कोणाला का आवडला, ते बोला. ज्या वाक्यावर तुम्ही हसलात आणि मैत्रीण गप्प राहिली, त्या वाक्याबद्दल आवर्जून विचारा. वर्षानुवर्षांच्या ओळखीत न कळलेलं काहीतरी तिथे कळतं. माझ्या शेजारणीच्या सासरच्या दिवसांबद्दल मला पहिल्यांदा समजलं ते अशाच एका न हसलेल्या विनोदामुळे.

परतीची सोय मात्र आधी ठरवा. शेवटच्या बसची वेळ निघण्यापूर्वी पाहा, रिक्षा करणार असाल तर घरी येण्याची वेळ कोणाला तरी कळवून ठेवा, आणि लांब राहणाऱ्या मैत्रिणीला आधी सोडा.

दुसऱ्या दिवशी रविवार असेल तर सकाळी लोचो खायला पुन्हा भेटा. खमण करताना बिघडलं आणि त्यातून लोचो जन्मला, असं सुरतेत सांगतात. रात्री ऐकलेले पडलेले विनोद त्या बशीवर पुन्हा आठवतात आणि आता मात्र हसू येतं.

सुरतेतल्या मराठी वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या वस्तीत, आपल्या इमारतीत असं कोणीतरी असतं, जे बारा-बारा तास लूमवर उभं असतं किंवा घराबाहेर फक्त भाजीला पडतं, आणि ज्याला सभागृहात बसून हसायला कोणी कधी बोलावलेलंच नाही. पुढच्या शनिवारी दुसरं तिकीट त्या माणसासाठी काढा.